बिनदाराच्या घरातली परीक्षा

मी स्वभावाने भित्री नाही. उलट मी फोनवर बोलायला लागले की पुण्यातली पोरं हेडफोन कानापासून लांब धरतात, असं त्यांच्यातल्याच एकाने मला सांगितलंय, आणि मी ते कौतुक म्हणूनच घेतलंय. पण मागच्या हिवाळ्यात प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या त्या परीक्षेने मला असं काही धरलं की चहा कपात कमी आणि बशीत जास्त राहायला लागला. चाळिशीला टेकलेली बाई, एका पोरीची आई, आणि परीक्षेचं नाव काढलं की पोटात गोळा. कुणी विचारलं तर मी म्हणायची, ॲसिडिटी झालीय.

कंपनी पुण्याची आणि मी शनिशिंगणापूरची. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका टीमचं काम मी घरून सांभाळते. कुणी काय कधी करायचं, काम कुठे अडलंय, कुणाला झापायचं, हे सगळं माझ्याकडे. इतकी वर्षं ते सर्टिफिकेटाशिवाय छान चाललं होतं. मग वरचे साहेब बदलले. नव्या साहेबांनी सांगून टाकलं की मार्च संपेपर्यंत ज्यांच्याकडे हे सर्टिफिकेट येईल त्यांनीच प्रोजेक्ट सांभाळायचं आणि घरून काम करायचं. बाकीच्यांनी पुण्याच्या ऑफिसात येऊन दुसऱ्याच्या हाताखाली बसायचं.

साहेबांसाठी ती एक ओळीची ईमेल होती. माझ्यासाठी तिचा अर्थ सरळ होता. नवऱ्याचं देवळाच्या रस्त्याला पूजेच्या सामानाचं दुकान आहे, ते काही पुण्याला उचलून नेता येत नाही. मुलगी इथल्या शाळेत पाचवीत. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. नापास झाले तर मी एकटीने पुण्यात खोली घेऊन राहायचं आणि मुलीला रविवारी भेटायचं. नोकरी सोडून देण्यासारखी आमची परिस्थिती नाही. म्हणून पास होण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

अभ्यासाचं पुस्तक चांगलं उशीएवढं जाड होतं. पण भीती जाडीची नव्हती, प्रश्नांची होती. प्रश्न असा असायचा की टीममधल्या दोघांचं भांडण झालंय, काम थांबलंय, तर मॅनेजरने सगळ्यात आधी काय करावं? खाली चार पर्याय, चारही शहाण्यासारखे. माझं खरं उत्तर म्हणजे दोघांना एका फोनवर घेऊन झापणं. ते त्यात कधीच नसायचं. परीक्षेतला मॅनेजर चिडत नाही, वरच्याकडे तक्रार नेत नाही. आधी सगळ्यांचं ऐकून घेतो, मग विचार करतो, मग परत ऐकून घेतो. असा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. तरी तो मला चार तास होऊन दाखवायचा होता.

सराव परीक्षा मी सकाळी द्यायची, नवरा दुकानात गेला आणि मुलगी शाळेत गेली की. पहिल्या सरावात नापास झाले. म्हटलं, ठीक आहे, सुरुवात आहे. दुसऱ्यात पहिल्यापेक्षा वाईट झाले. अभ्यास केल्यावर मार्क कमी होतात, हे मी कुठेच ऐकलं नव्हतं. त्यात पुस्तकातलं धोक्यांवरचं एक प्रकरण होतं, त्याने तर माझं डोकंच फिरवलं. पुढे काय काय बिघडू शकेल याची आधीच यादी करा, असं ते शिकवत होतं. मला यादी करायची गरजच पडेना. लाईट जाईल, नेट जाईल, मुलगी तापेल, मी चक्कर येऊन पडेन. रस्त्याने चालताना, भाकरी थापताना, मुलीची वेणी घालताना नवं काहीतरी सुचत राहायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना या परीक्षेचं काही पटलं नव्हतं. सराव ऐन रंगात आला की त्या पडदा बाजूला करून आत यायच्या.

"गवार करू का मेथी?"

"आत्या, परीक्षा चालू आहे."

"ही खरी हाय व्हय?"

"खरी नाही. सरावाची."

"मंग सांग की. गवार का मेथी?"

मी गवार म्हणायची आणि प्रश्न चुकवायची. चुकला की त्यांच्यावर मनातल्या मनात चिडायची. त्यांना मात्र वाटायचं, सून घरात बसलीय म्हणजे बोलायला मोकळी आहे. माझं काम म्हणजे कॉम्प्युटरपुढे बसून बडबडणं, हे त्यांनी कधीच मनाशी पक्कं केलं होतं.

आता पडद्याचं सांगायला हवं. आमच्या गावात घरांना दारं नसतात. चौकट असते आणि तिला पडदा. घराची राखण देव करतो, आपण दार लावलं तर त्याच्यावर आपला भरवसा नाही असं होतं, ही इथली पिढ्यांची समजूत. बाहेरचं माणूस अंगणात उभं राहून "हाय का कुनी घरात?" अशी हाक देतं आणि आतून ओ आल्याशिवाय उंबऱ्यात पाय ठेवत नाही. कुत्री शिरू नयेत म्हणून झोपताना चौकटीला एक बुटकी फळी टेकवायची, बस. माझं माहेर देवळाली प्रवराचं. तिथे वडील झोपण्याआधी घरातली प्रत्येक कडी ओढून बघायचे. लग्न होऊन इथे आले तेव्हा कितीतरी महिने मी पडद्याकडे तोंड करूनच झोपत होते. मग सवय कधी झाली ते कळलं नाही. ती इतकी झाली की माझी चूक तिथेच झाली.

परीक्षा पुण्याच्या केंद्रात देता येते किंवा घरून. मी घरून घेतली. घरी फायबरचं नेट आहे, इन्व्हर्टर आहे, माझी खुर्ची आहे. नोंदणी करताना अटी आल्या. परीक्षा देताना तुम्ही बंद खोलीत एकटेच असाल का? मी मागच्या बाजूच्या, अंगणात उघडणाऱ्या माझ्या कामाच्या खोलीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. मी मान्य केलं आणि पुढे गेले. त्यात मी खोटं काहीच बोलत नव्हते. आमच्याकडे पडदा ओढला की खोली बंदच असते.

नंतर, परीक्षेला दीडेक आठवडा राहिला असताना, पुण्याच्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती वर्षापूर्वी पास झालेली. टिपा देत होती. पाण्याचा ग्लास पारदर्शक ठेव, टेबलावर दुसरं काही ठेवू नकोस, ओठ हलवू नकोस, परीक्षक कॅमेऱ्यातून सगळा वेळ बघत असतो. मी लिहून घेत होते.

"आणि सुरू व्हायच्या आधी लॅपटॉप फिरवून अख्खी खोली दाखवावी लागते," ती म्हणाली. "मुख्य म्हणजे दार. बंद आहे ना ते बघतात. मध्ये कुणी आत आलं की परीक्षा तिथेच रद्द."

मी वळून चौकटीकडे पाहिलं. पंख्याच्या वाऱ्याने पडदा आत येत होता आणि बाहेर जात होता. मैत्रीण पुढे काय बोलली ते मला आठवत नाही. मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्या दोन्हींच्या खाली निव्वळ भीती होती.

मग धावाधाव सुरू झाली. पुण्याच्या केंद्रात मार्चअखेरपर्यंत एकही तारीख मोकळी नव्हती. माहेरी जायचं तर त्याच आठवड्यात पुतणीचं लग्न, दारात मांडव, घरात माणूस मावेना. नगरात नवऱ्याने एक लॉज शोधली. अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात नगरच आहे. लॉजच्या खोलीला चांगलं भक्कम दार होतं, कडी होती, वर साखळीही होती. मी लॅपटॉप उघडून परीक्षेची तपासणी चालवून पाहिली तर नेट मध्येच मान टाकत होतं. मॅनेजर म्हणाला, लग्नसराई आहे मॅडम, सगळेच वापरतात. परत येताना गाडीवर मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर भांडलेच असते, आणि त्याचा काही दोष नव्हता.

नवरा माझा शांत माणूस. दुकानात दिवसभर वेगवेगळ्या गावची माणसं बघून त्याला कशाचं फार वाटेनासं झालंय. दुसऱ्या दिवशी जेवताना तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "एक सांगू का? सुताराला बोलवू. तुझ्या खोलीपुरतं दार बसवू. परीक्षा झाली की काढून टाकू. नव्या घरांना काहीजण लावायलाच लागलेत."

आवाज खाली घेऊन काही उपयोग नव्हता. आत्या पलीकडे लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला. त्या उठून बाहेर गेल्या, आणि त्यानंतर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. गवार का मेथी हेही विचारेनात. त्या पडद्याआडून येत नव्हत्या म्हणून सराव निवांत होत होते, आणि त्या निवांतपणाने मला जास्तच धास्ती वाटत होती.

शेवटी मीच त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या.

"आत्या, तुम्हाला नको असेल तर दार नाही लावायचं. मी साहेबांशी बोलते."

"तुझा सायब ऐकनार हाय का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुला म्हाईत न्हाई. तुझ्या नवऱ्यालाबी नीट आठवत न्हाई, ल्हान हुता. त्या कोठीच्या खोलीला तुझ्या सासऱ्यांनी दार बसवलं हुतं. शेळ्या आत शिरून धान्य खायच्या म्हनून. मी म्हनलं, नगं. ते हासले. शिकल्यालं मानूस. वरीस झालं न्हाई तं घोडेगावच्या रस्त्याला टेम्पोनं उडवलं त्यांना."

सासरे अपघातात गेले एवढं मला माहीत होतं. दाराचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"दहाव्याला घाटावरून आले आन् माझ्या हातानं ते दार काढलं. कुऱ्हाडीनं फोडलं. त्याच्यावरच सैपाक केला, संपस्तोवर."

एवढं बोलून त्यांनी सूप परत उचललं. माझं शिक्षण मला सांगत होतं की टेम्पोचा आणि दाराचा काही संबंध नाही. ते मी त्यांना सांगू शकत नव्हते, कारण तसं सांगणारा माणूस हसून गेला होता आणि त्या एकट्या मागे राहिल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली होती. माझा या गोष्टींवर विश्वास नाही असं मी लग्नापासून सांगत आलेय. पण नवरा रोज त्याच घोडेगावच्या रस्त्याने माल आणायला जातो, हे मला त्या क्षणी आठवलं.

मी दाराचा विषय सोडला. पुण्याला जायचं असं मनाशी धरायला लागले. मुलीच्या शाळेच्या डब्याचं कोण बघेल, तिच्या केसांना तेल कोण लावेल, असले हिशेब डोक्यात सुरू झाले. मुलीला काही सांगितलं नव्हतं, पण ती माझ्याभोवतीच घुटमळायला लागली. एकदा तिने आजीला विचारलं की आई पुण्याला गेली तर मी कुणाजवळ झोपू. हे तिला कुठून कळलं देव जाणे. आत्यांनी तिला काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. नेहमीसारख्या, न सांगता.

"त्या सायबाला खोली झाकल्याली दिसली म्हंजी झालं ना?"

"हो. पण..."

"मंग फळी टेकव. मोठी. चौकटीयेवढी. कुत्र्यासाठी टेकवतो तशीच. बिजागरी नगं, कडी नगं, खिळा ठोकायचा न्हाई. येवढं माझं ऐक."

"चालेल का आत्या?"

"फळीला कोन दार म्हनतंय," त्या म्हणाल्या. पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, चौकटीकडे बघून म्हणाल्या.

नवऱ्याने दुकानाच्या मागची प्लायवूडची फळी आणली, जिच्यावर तो सणाच्या दिवसांत माल लावतो. चौकटीला ती जवळजवळ बरोबर बसली. वरून बोटभर फट राहिली. ती बाहेरच्या बाजूने टेकवायची होती, कारण आत टेबल होतं. आम्ही ती टेकवून बघितली, तेव्हा खोलीत अंधार झाला आणि पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. बाहेर आत्या नवऱ्याला काहीतरी विचारत होत्या. ही रात्रभर ठेवायची न्हाई ना, सांजच्याला काढायची ना, असं परत परत.

परीक्षेचा दिवस मी मुद्दाम आठवड्याच्या मधला घेतला होता. शनिवारी आणि अमावास्येला गावात पाय ठेवायला जागा नसते, गाड्यांचे हॉर्न आणि पार्किंगवाल्यांच्या हाका घरात येतात. त्या दिवशी गाव शांत होतं, फक्त वारा होता. मार्चमधला कोरडा वारा, धूळ घेऊन येणारा. नवऱ्याने फळी लावली. मी आत्यांना हात जोडून सांगितलं की काही झालं तरी आत यायचं नाही आणि हाक मारायची नाही. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मान हलवण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

परीक्षक कुठल्या देशात बसला होता कोण जाणे. तो फक्त टाईप करत होता. लॅपटॉप फिरवा. टेबलाखाली दाखवा. बाह्या वर करा. मग त्याने लिहिलं, दार दाखवा. मी लॅपटॉप उचलून चौकटीकडे केला. तपकिरी प्लाय, तिच्यावर एका कोपऱ्यात तेलाचा डाग.

त्याने लिहिलं, दाराला हँडल दिसत नाही.

काय लिहू? हे दार नाहीच असं लिहू? मी लिहिलं की ते बाहेरून लावतात. हे खरं होतं. स्क्रीनवर तो काहीतरी टाईप करतोय अशी खूण दिसत होती आणि बंद होत होती. मी मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला आणि तो आला नाही, इतकी मी घाबरले होते. मग त्याने लिहिलं, धन्यवाद, सुरू करा.

पहिल्या प्रश्नांमध्ये मी काय उत्तरं दिली ते मला माहीत नाही. डोळे अक्षरांवरून जात होते आणि कान मागे होते. सुरुवातीलाच वाऱ्याचा एक झोत आला आणि फळी चौकटीवर धाडकन आपटली. आता ही पडणार. फळी पडली की मागे उघडं अंगण, अंगणात माणसं, आणि संपलं. मला वळून बघता येत नव्हतं. नजर स्क्रीनवरून हलली तरी ताकीद मिळते. मी पुढच्या झोताची वाट बघत होते. झोत आला, खिडकीची झडप वाजली, पण फळी आपटली नाही. ती नुसती चौकटीवर जराशी घासली.

आणि मग मला बांगड्यांचा आवाज आला. अगदी फळीला लागून.

आत्या. बाहेर घुटमळत होत्या. मी मनात म्हटलं, आल्या. आता गवार विचारणार. आता फळी सरकवून डोकावणार. प्रश्नात कुणी एक नाराज ग्राहक सारखा मध्ये येऊन काम अडवत होता, आणि मॅनेजरने काय करावं असं विचारलं होतं. मला किंचाळून सांगावंसं वाटलं की मॅनेजरने सासूला आधी बहिणीकडे पाठवावं. थोड्या वेळाने खोकल्याचा आवाज आला, दाबलेला. परत बांगड्या. परत घासल्याचा आवाज. मी दात आवळून उत्तरं देत होते. मधल्या दोन विश्रांत्याही मी घेतल्या नाहीत. उठले तर फळी सरकवावी लागेल, मग परत खोली दाखवा, परत हँडलचा प्रश्न. पाणी प्यायले नाही, लघवीला गेले नाही. घामाने पाठ ओली झाली होती. त्या परीक्षेतले प्रश्न मला आज एकही आठवत नाहीत, पण त्या फळीमागचा प्रत्येक आवाज आठवतो.

शेवटचं बटण दाबलं. स्क्रीन पांढरी झाली आणि मला वाटलं, नेट गेलं. मग अक्षरं आली. पास.

मी ते तीनदा वाचलं. मग लॅपटॉप बंद केला आणि हाक मारली, "अहो, फळी काढा." कुणी आलं नाही. मी आतून फळी ढकलली. ती हलेना. मला पास झाल्याचा आनंद व्हायच्या आत पुन्हा भीती वाटली. जोर लावला तेव्हा बाहेरून आवाज आला, "थांब, थांब, उठू दे मला."

जमेल तेवढी फट करून मी बाजूने बाहेर आले. आत्या जमिनीवर बसल्या होत्या. फळीला पाठ लावून, पाय समोर पसरून, दोन्ही हात मागे नेऊन फळीच्या कडा धरलेल्या. धुळीने केस पांढरे झाले होते. जवळ पाण्याचा तांब्या होता, तो भरलेलाच होता. हात सुटत नव्हते म्हणून त्यांना तो उचलता आला नव्हता. नवरा दुकानातून आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांना उठवलं. त्यांचे गुडघे सरळ होत नव्हते.

"आत्या, कशाला बसलात? वीट लावायची ना मागे. दगड लावायचा."

"दगड लावला म्हंजी दारच झालं की," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं हालत हुती. मी धरली."

"सगळा वेळ?"

"पास झालीस का?"

"झाले."

त्यांनी चौकटीकडे बघितलं. मग मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "द्येवाला काय मोजायचं आसंल तर मोजू दे. फळी माझ्या आंगावर हुती. दार हुतं तं ते मी हुते. तुमच्या कुनावर न्हाई येनार आता."

मी त्यांना धरून होते. त्यांचा हात गार आणि हलका होता. त्या नेमकं काय करून बसल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. ज्या भीतीने त्यांनी नवऱ्याचं दार कुऱ्हाडीने फोडलं होतं, तीच भीती त्यांनी माझ्यासाठी चार तास पाठीवर घेतली होती. मी आत त्यांच्या नावाने दात खात होते. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या म्हणाल्या, "आगं, पास झालीस ना, मंग?"

सर्टिफिकेट आलं. साहेबांची शाबासकीची ईमेल आली. मी घरूनच काम करते, मुलगी माझ्याजवळ झोपते. परीक्षेची भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, ती मात्र कुणाला सांगता येत नाही. आत्या खोकल्या की मी काम सोडून उठते. त्या नवऱ्याच्या गाडीवर बसून बाजाराला निघाल्या की परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. मी नवऱ्याला सांगते, घोडेगावच्या रस्त्याने नेऊ नका, लांबून जा. तो म्हणतो, काय वेडी झालीस का.

पावसाळा लागता लागता आत्यांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, गावभर आहे, गोळ्यांनी उतरेल. मला ते पटत होतं. डॉक्टर बरोबरच सांगत होते. तरी त्या शनिवारी मी नवऱ्याच्या दुकानातून तेलाची बाटली घेतली, पैसे न देता, आणि बाहेरगावच्या माणसांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्या रांगेत कधी उभी राहिले नव्हते. पुढे पोचल्यावर सगळे आपली पीडा टळू दे म्हणतात, ते मला मागायचं नव्हतं. मी तेल वाहिलं आणि देवाला एवढंच सांगितलं की त्या दिवशी आमच्या घरात दार होतं, आणि ते माझं होतं, त्यांचं नाही.